खालचा मजला माझा

७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून तू माझ्याकडे न बघता निघून गेलीस, त्यानंतरचं हे पहिलं पत्र. उघडताना मला वाटलं, बाईला काही सांगायचं असेल. आत काय निघालं, तर "ताई, तू खिम्यात नक्की काय काय घालतेस? यांना एकदा करून बघायचंय."

मी ते वाक्य आधी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. दोन्ही वेळा तेच होतं.

"यांना." जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलीस, भल्याभल्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्यास, आणि आता साठीला टेकल्यावर नवऱ्याचा उल्लेख करताना मान खाली घालतेस. हे आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिथे लाजायला तासच ठेवलेला नव्हता.

तर उत्तर असं, की मी सांगणार नाही.

तू विसरली असशील म्हणून आठवण करून देते. होस्टेलच्या स्वयंपाकघरातली बुटकी सिस्टर त्या पदार्थाला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगायची आणि आपण दोघी नुसतं "दुमजली" म्हणायचो. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा आणि मग सगळंच्या सगळं ओव्हनमध्ये. उलट बोलले म्हणून मला स्वयंपाकघरात कामाची शिक्षा झाली होती, आणि मी दिसत नाही म्हणून तू रडत बसलीस तेव्हा तुलाही माझ्यामागे तिथेच पाठवलं. सिस्टर म्हणाली, "मोठीचं तोंड सारखं चालतं, तर हातही चालू दे. ती खिमा ढवळेल. धाकटीचे हात मऊ आहेत, ती बटाटा करेल." त्या दिवशी मजले ठरले. पुढे होस्टेल सुटलं, आईवडील गेले, आपण दोघी या घरात राहिलो, नोकऱ्या केल्या, निवृत्त झालो. पण दर रविवारी खालचा मजला माझा आणि वरचा तुझा. मी कधी तुझ्या पातेल्यात डोकावले नाही, तू कधी माझ्या कढईत चमचा घातला नाहीस. आता मधेच एक चष्मेवाला उपटतो आणि म्हणतो, खालचा मजला मला द्या.

त्याला म्हणावं, भाड्याने द्यायची जागा नाही ती.

आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसातलं. तू लिहितेस, "तू जे बोललीस ते सगळ्यांना ऐकू गेलं." अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. फुटक्या लायनीवरून समुद्रापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची माझ्या घशाला सवय आहे. मी आपली आपल्या शेजारी राहणाऱ्या नर्सच्या कानात म्हणाले, "चष्मा बदलायला गेली आणि नवरा घेऊन आली." आता त्यावर तिथला कारकून हसला, शिपाई हसला, सह्या करायला आणलेले साक्षीदार हसले, यात माझा काय दोष? वाक्यच तसं होतं. आणि खरं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तू नंबर तपासायला गेलीस. पुढच्या आठवड्यात काडी सैल झाली म्हणून गेलीस. मग काडी घट्ट झाली म्हणून गेलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढे त्याने ते दुकान बंद केलं आणि भावाचं दुकान सांभाळायला म्हणून तुला एवढ्या लांब घेऊन गेला.

काचेचं भांडंही तू नेलंस. दुमजली ज्यात भाजायची ते. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

फोन करत नाही, कारण फोन तो उचलतो. आणि "हॅलो ताई" म्हणतो.

तू ये. तुझी खोली तशीच आहे. पण एकटी ये.

— ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

"आम्ही दोघं येऊ" असं तू लिहिलंस. मी "एकटी ये" असं लिहिलं होतं. छापखान्यात तू असं वाचत असतीस तर निवृत्त होईपर्यंत टिकली नसतीस.

माझं उत्तम चाललंय. सकाळी पेपर, मग फिरणं, मग नर्सशी भांडण. तिची कुठल्याशा म्हातारीकडे दिवसपाळी असते, त्यामुळे उरलेलं भांडण संध्याकाळी होतं. तू नसल्यामुळे घर मोठं झालंय आणि बाथरूम वेळेवर मिळतं.

काल मी दुमजली केली. दोन्ही मजले मीच केले. हे तुला विचारायला लिहीत नाहीये, फक्त कळवतेय.

खिमा नेहमीसारखा उत्तम झाला. बटाट्याला एवढं काय लागतं, उकडायचे आणि कुस्करायचे, असा माझा समज होता. तुझं ते हाताने दाबत बसणं मला नेहमीच वेळकाढूपणा वाटत आलाय. मी बटाटे मिक्सरमध्ये घातले आणि बटण दाबलं. झाकण उघडलं तर आत खळ. चमच्याला उचललं की सगळं मिळून एकदम वर यायचं. तरी मी ते खिम्यावर पसरलं. पसरलं म्हणजे ओढून ओढून बसवलं. केकच्या टिनमध्ये भाजलं, कारण काचेचं भांडं कुठे आहे ते तुला माहीत आहे.

नर्सला बोलावलं होतं. तिने काटा टोचला. काटा आत गेला आणि तिथेच उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मी पूर्वी होते त्या हाडांच्या वॉर्डात याची फार गरज आहे."

"आवडलं नाही तर ठेव."

"ठेवायला काय, ते सुटलं तर पाहिजे." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिला फोन का करत नाही तुम्ही?"

"मी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिलेत. आता पुरे."

"तुम्हाला तिचा राग आलाय की त्याचा हेवा वाटतोय?"

मी म्हटलं, हेवा वाटायला त्या माणसाकडे आहे काय? टक्कल आहे. एक खांदा उतरलेला आहे. हसला की आधी डोळे मिटतो, मग हसतो, जसं काही परवानगी काढतोय. नर्स म्हणाली, "बरंच बारकाईने बघितलंत की." मी तिला पाण्याच्या घोटांबरोबर खिम्याचा मजला खायला लावला, वरचा खरवडून टाकून दिला आणि स्वतः दूधपोळी खाल्ली.

तू बटाट्यात काय करतेस? नुसतं कुतूहल. सांगितलं नाहीस तरी चालेल.

— ताई


१९ मार्च

धाकटे,

"तू खालचं सांग, मग मी वरचं सांगते." असा सौदा तू माझ्याशी करशील असं वाटलं नव्हतं. हे त्या दुकानातलं वळण. एका फ्रेमवर दुसरी सवलतीत.

पण पत्रातली खरी बातमी तू खाली, सहीच्या वर, एका ओळीत कोंबलीस. "परवा यांनी खिमा केला, मी वरचं केलं, छान झालं."

म्हणजे झालं. माझ्यावाचून झालं.

मी ते पत्र ओट्यावर ठेवलं, दूध तापवलं, दूध उतू गेलं, पुसलं, आणि परत वाचलं. त्याच भांड्यात केलंत ना? मला दिसतंय. तो अॅप्रन बांधून उभा आहे. तू बटाट्याचं पातेलं मांडीत घेऊन बसली आहेस. तो विचारतो, मिरपूड घालू का? आणि तू सांगतेस. मला तू कधी काही सांगितलं नाहीस. मला कधी विचारायची गरज पडली नाही म्हणा, पण तुला सांगावंसं वाटलं असतं तर मी ऐकलं असतं.

मग दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर आलं आणि मी "छान" या शब्दापाशी थांबले. तुझं "छान" मला ठाऊक आहे. होस्टेलचं पाण्यासारखं सूप छान होतं. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातली लापशी छान होती. मी विणलेला तो जांभळा स्वेटर, ज्याला एक बाही लांब होती, तोही छान होता आणि तू तो एकदाही घातला नाहीस. खरोखर काही आवडलं की तू बोलत नाहीस. नुसती ताट पुढे करतेस. आपल्या रविवारी तू कधीही "छान" म्हणाली नाहीस, बाई. नुसतं ताट पुढे यायचं.

तेव्हा त्याचं जमलेलं नाही. मी शांतपणे जेवले.

गेल्या रविवारी मी पुन्हा केली. मिक्सरला हात लावला नाही. तुझ्यासारखी खुर्ची ओढून बसले आणि हाताने दाबलं. मनगट दुखायला लागलं तेव्हा तुझी आठवण आली. अर्थात मनगटामुळे. बटाटा चांगला मऊ झाला, काट्याने रेघा ओढल्या, वरून तांबूस आला. दिसायला अगदी आपली दुमजली. नर्सने एक घास घेतला, पाणी प्यायली, दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी प्यायली. मीही खाल्ला. आणि खाता खाता मला एक गोष्ट लख्ख कळली, जी आपल्या दोघींना एवढ्या वर्षांत कळली नव्हती. तुमच्या घरची दुमजली का फसते तेही त्यातच आलं.

ती गोष्ट तुला सांगितली तर पुढच्याच रविवारी त्याचा खिमा जमेल. मग तुझं ताट त्याच्यापुढे जाईल. मग माझं काय काम उरलं?

म्हणून सांगत नाही. तुला स्वार्थी वाटलं तर वाटू दे. तू माझं माणूस नेलंस, घर नेलंस, भांडं नेलंस. एवढं एक माझ्याजवळ राहू दे.

— ताई


४ एप्रिल

धाकटे,

हे पत्र तुला पोस्टाने येणार नाही. तो घेऊन येईल. तो आत्ता माझ्या बाहेरच्या खोलीत बसलाय, आणि मी स्वयंपाकघरात खिमा गार व्हायची वाट बघत लिहितेय. पाकीट चिकटवून देणार आहे. उघडलेलं दिसलं तर मला कळव.

सकाळी बेल वाजली. नर्स असेल म्हणून मी दार उघडलं तर हा. हातात फ्रेमांची पेटी, खांदा अजून उतरलेलाच.

"ताई, घाऊक बाजारात माल घ्यायला आलो होतो. येऊ का?"

"मी तुमची ताई नव्हे."

"मग काय म्हणू?"

मी म्हटलं, "या. चपला बाहेर काढा."

चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत. तो तुझ्या खुर्चीत बसायला निघाला होता, तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसला. हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

"तिला माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?"

"नाही."

"पहिलीच लपवाछपवी की आधीही आहेत?"

"पहिलीच," तो म्हणाला. "ताई, मी त्या खिम्यासाठी आलोय."

"मी सांगणार नाही असं तिला कळवलंय."

"सांगू नका. मला शिकायचा नाही आता, तुमच्या हातचा न्यायचाय. मी चार वेळा केला. कमी तेल, जास्त तेल, गाजर बारीक, गाजर जाड. ती मुकाट्याने खाते आणि छान म्हणते."

मी चहाचा घोट घेतला. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसावं. कॉन्व्हेंटचं शिक्षण अशा वेळी उपयोगी पडतं.

"वाईट म्हणाली असती तर मी भांडलो असतो," तो म्हणाला. "ती आधी वरचा बटाटा खाते. मग खालचं ताटात इकडून तिकडे करते. मग वाया जाऊ नये म्हणून संपवते. आणि जेवण झाल्यावर खिडकीशी जाऊन बसते. सोमवारी पुन्हा ठीक असते. सहा दिवस ती माझ्या घरात असते, ताई. रविवारी नसते. तुम्ही एवढ्या लांब आहात आणि रविवारी घर तुमचं असतं. मला तुमचा फार राग येतो."

आता मी तुला काय सांगू? मला आनंद झाला. त्याची दया वगैरे नंतर आली, आधी आनंद झाला. इतके दिवस मी इथे बसून त्या माणसावर जळत होते, आणि तो तिथे बसून माझ्यावर. त्यातही त्याचं जास्त जळत होतं, कारण समोर ताट त्याच्या होतं.

"मग तिला इकडे का पाठवत नाही?" मी विचारलं.

"मी सांगतो जा म्हणून. तुम्ही एकटी ये म्हणालात ना? ती म्हणते, एकटी गेले तर ताई मला परत सोडणार नाही."

"बरोबर ओळखलंय."

"मी म्हटलं, नाही सोडलं तर नाही सोडलं. पण जाऊन तरी ये. त्यावर ती रडली."

तू रडलीस हे तू मला लिहिलं नाहीस.

मी उठून स्वयंपाकघरात आले. तो मागोमाग दारापर्यंत आला. "कांदा चिरून देऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, इथून पुढे यायचं नाही. तो उंबऱ्याशी थांबला, आणि तिथूनच म्हणाला, "ताई, तुमचा नंबर बदललाय. तुम्ही सुरी लांब धरून बघताय. वाटल्यास तपासून देतो."

"मला नवरा नकोय," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले, आणि मग हसला. बराच वेळ हसला. मला तसलंच वाक्य पुन्हा सुचलं म्हणून बोलले. तू रागावू नकोस. तो रागावला नाही.

नंतर मी फ्रीजमधून खिमा काढला आणि केला. दार लोटून घेऊन केला, त्याला काही दिसलेलं नाही. खात्री बाळग.

आता ऐक. त्या दिवशी मला काय कळलं ते सांगते. मी खिमा केला तो नेहमीसारखा. बटाट्यात मीठ घातलं ते कुठलाही शहाणा माणूस घालील तेवढं. दोन्ही एकत्र खाल्लं तर तोंडात धरवेना, इतकं खारट. मग मी उरलेला खिमा नुसता चाखून बघितला. नुसता खिमा मी कधी खाल्लाच नव्हता, आपण नेहमी दोन्ही मजले मिळूनच खात आलो. माझा खिमा खारट असतो, धाकटे. चांगलाच खारट. आणि तुझा बटाटा अळणी असतो. माझ्या खिम्याला भिऊन तू मीठ कमी करत गेलीस, की तुझ्या बटाट्याला कंटाळून मी वाढवत गेले, ते आता शोधून सापडायचं नाही. बुटकी सिस्टर कधीच गेली आणि आपण दोघी एकमेकींच्या पातेल्यात डोकावत नव्हतो. दोघींचं अर्धं अर्धं चुकलेलं होतं आणि ओव्हनमधून बाहेर येताना बरोबर यायचं.

तेव्हा त्याचा खिमा बहुतेक ठीक असेल. तो बेताचं मीठ घालतो, आणि त्याच्यावर तू तुझा अळणी मजला चढवतेस. मग सगळंच फिकं लागतं आणि तो बिचारा गाजरं कधी बारीक चिरतो, कधी जाड. तुझ्या बटाट्यात मीठ वाढव. पुढच्या रविवारी त्याचं जमेल.

हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी दार लावून लिहितेय, त्याला ऐकू गेलेलं नाही. सांगितलंस तर तुमच्या घरची दुमजली तुमची होईल. तुझं ताट त्याच्यापुढे जाईल. मी इथे बसून ते ओळखीन, आणि त्या रविवारी नर्सची खैर नाही.

या रविवारपुरतं मात्र बटाट्यात काही वाढवू नकोस. नेहमीसारखा अळणीच कर. खालचा मजला मी पाठवतेय. स्टीलच्या डब्यात भरलाय, झाकणाला फडकं बांधलंय. गाडी संध्याकाळी पोचते म्हणाला. डबा आडवा करू नये असं त्याला बजावलंय, आणि मांडीवर धरून बस असंही सांगितलंय. बसेल असं वाटतं. आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेव.

त्याला आता बिस्किटं देते, नाहीतर गाडीत उपाशी जाईल.

डबा माझा चांगला आहे, तो मला परत हवाय. तो आणून द्यायला त्याला पाठवू नकोस. तू ये. परतीच्या गाडीत मी तुला स्वतः बसवून देईन. कुठल्या दिवशीच्या, ते आल्यावर बघू.

— ताई